अप्पाच्या सरळ पायाएवढी न्हाणी : रेणापूर ते धर्माबाद, आमच्या घरगाडीतून

शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला आजून कळत न्हाई. टाईप एका बोटानं करते, त्यात फोनच्या काचेला तडा गेलाय. चार ओळी लिहायला पाव घंटा लागतो. पण हे लिहायचं होतंच. घरगाडीवर मी फोनवर लई शोधलं. लोकं गाडीतला पलंग दाखवतात, गॅस दाखवतात, पडदे तर शंभर बार दाखवतात. न्हाणी कोणी उघडून दाखवत न्हाई. तुमच्या घरात गुडघे दुखणारं कोणी असंल आन् गाडी घेऊन फिरायचा विचार असंल, तर हे वाचा. आमच्या चुका तुम्हाला फुकटात मिळतील.

मी शिवकन्या, घरी शिवू म्हणतात. रेणापूरला राहतो आम्ही. वय सतरा. शाळा नववीत सोडली. अप्पाचा अपघात झाला म्हणून सोडली असं आई पाहुण्यांना सांगती, ते अर्धं खरं हाय. उरलेलं अर्धं असं की वर्गात उभं करून काही विचारलं की माझा घसा बंद व्हायचा. आजून बी होतो. लिहिताना होत न्हाई.

आमची घरगाडी म्हणजे अप्पाची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. तिच्यावर अप्पानी वीस-बावीस वर्षं लग्नाची वऱ्हाडं आन् देवदर्शनाची माणसं नेली. श्रीशैल, कुडलसंगम, हंपी, सगळं दुसऱ्याला दाखवलं आन् आपण सीटवर आडवे होऊन रात्री काढल्या. मंग अपघातात उजवा गुडघा गेला. आत सळई हाय. पाय आता वाकत न्हाई, काठीवानी सरळ राहतो. गाडी विकायची असं ठरत आलं होतं. माझा बसवंत मामा नांदेडला गाड्यांच्या बॉडी बांधतो. तो म्हणला, "दाजी, सीटं काढून टाकू, घर करू. अक्का चालवंल, तुम्ही पलंगावर बसून रस्ता सांगा." आन् आईनं खरंच लायसन काढलं. आता ती अशी चालवती की अप्पाला सांगायला काही उरत न्हाई, तरी ते सांगतातच.

मामानं कुठलेतरी फोटो बघून गाडीच्या मागच्या कोपऱ्यात अडीच बाय अडीच फुटाची न्हाणी केली. उभं राहून शॉवर घ्यायचा, दार लावायचं, झालं. दिसायला लई भारी. पण अप्पा जल्मात कधी शॉवरखाली उभे राहिले न्हाईत. "वरून कोणी थुंकून राहिलंय असं वाटतंय," म्हणतात. त्यांना बसून, बादली घेऊन, तांब्या-तांब्यानं अंघोळ लागती. आन् ओल्या जागेत एका पायाच्या जोरावर उभं राहणं त्यांना होत बी न्हाई.

पहिल्या सफरीला आम्ही उदगीरच्या पुढं गेलो न्हाई. एका पेट्रोल पंपावर सकाळी अप्पा न्हाणीत गेले आन् पाटावर बसले. सरळ पाय दाराला टेकला. दार आत उघडणारं. मंग ना दार उघडंना, ना अप्पाला उठता येईना. मी आन् आईनं बाहेरून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले तवा ते ओल्या टावेलात बाहेर आले. समोर ट्रकवाले चहा पिऊन राहिले होते. त्यातला एक हसला. त्यानंतर आठ महिने अप्पा गाडीत चढले न्हाईत.

तुम्ही म्हणाल, एक दिवस अंघोळ न्हाई झाली तर काय बिघडतंय? आम्ही लिंगायत. अप्पाचं असं हाय, अंघोळ न्हाई तर लिंगपूजा न्हाई, आन् पूजा न्हाई तर पाण्याचा घोट बी न्हाई. चहा तर लांबच. दुसऱ्याच्या घरी जायचं तर तिथल्या न्हाणीत त्यांना कोणीतरी धरून बसवायचं, धरून उठवायचं. ते त्यांना मरणाहून वाईट वाटतंय. म्हणून मुक्कामाला जाणंच बंद झालं. सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परत येता येईल, तेवढंच त्यांचं जग राहिलं होतं.

मंग सायलूकाकाचा फोन आला. हे धर्माबादचे, घरात तेलुगू बोलतात, अप्पाच्या बराबरीचे ड्रायव्हर. दोघांनी किती रस्ते सोबत केले त्याला गिनती न्हाई. काकानी पोरीचं लग्न काढलं होतं.

"अन्ना, तू न्हाई आलास तर मी मांडवात उभा राहत न्हाई, सांगून ठिवतो."

"येतो रे सायलू, येतो," अप्पा म्हणले. फोन ठेवला आन् आईला म्हणले, "आहेर पाठवून देऊ. जायचं न्हाई."

आईनं भाकरी जरा जोरात थापल्या.

त्या दुपारी मी आंगणात खडूनं न्हाणी काढली. बोलायचं जमत न्हाई, पण रेघा मारायचं जमतंय. अडीच बाय अडीचचा चौकोन काढून अप्पाला म्हणले, इथं स्टुलावर बसा. बसले. पाय चौकोनाच्या बाहेर दीड फूट गेला. त्या पायाभोवती मी खडू फिरवला.

"हे काय काढून राहिलीस?"

"पायाची जागा."

गाडीत त्या जागी काय हाय? न्हाणीच्या पुढंच स्वैपाकाचा ओटा हाय, आन् ओट्याखाली गॅसची टाकी. टाकी तिथून काढून गाडीच्या मागं बाहेर जाळीच्या पेटीत नेली आन् मधल्या भिंतीला खालून कोनाडा पाडला, तर पाय ओट्याखाली जातो. न्हाणी मोठी करायचीच न्हाई. हे सगळं मी तोंडानं न्हाई सांगितलं, खडूनं ओटा काढला, टाकी काढली, टाकीवर फुली मारली.

अप्पानी काठीचं टोक त्या फुलीवर टेकवलं. मंग आईला म्हणले, "बसवंतला फोन लाव."

लग्नाला आठ दिवस होते.

पहिला दिवस : रेणापूर, लातूर, नांदेड

सकाळी घरी अंघोळ-पूजा करून सातला निघालो. पलंगावर चढताना अप्पानी न्हाणीच्या दाराकडं पाहिलं न्हाई. लातूरला सामान घ्यायला थांबलो. ते नांदेडला बी मिळतंय, पण लातूरच्या नळ-पायपाच्या दुकानात अप्पाची वळख हाय. दुकानदारानं मला विचारलं, "काय पाहिजे पोरी?" मी कागद पुढं केला. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं, आईला म्हणला, "मुकी हाय का?"

आई म्हणली, "मुकी न्हाई, हुशार हाय. बोललं की तुम्ही भाव वाढवता."

दुकानदार हसला आन् जाळीवर दहा रुपये सोडले. तुम्हाला सांगते, पाणी जायची जाळी मोठी घ्या, चार इंची. आमची आधीची दोन इंची होती, साबणाचा फेस सुद्धा तिथं उभा राहायचा.

लातूरहून चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा, नांदेड असा रस्ता. बहुतेक चांगला हाय, मधे मधे कामं चालू, तिथं धूळ. घरगाडी घेऊन आरामात चार घंटे धरा. अहमदपूरला सुशीला खाल्ला. बाहेरच्यांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्याचा उपमा, वर शेंगदाणे आन् कोथिंबीर. दोन प्लेटी तिघांना पुरल्या. हातगाडीवाली बाई आईला ड्रायव्हरच्या जागेवरून उतरताना पाहून म्हणली, "अगं माय, आन् मालक मागं झोपल्यात!"

"आधी त्यांनी चालवली, मी झोपले. आता फिटंफिट," आई म्हणली.

लोह्याच्या पुढं अप्पा बोलायला लागले. ह्या वळणावर एकदा नवरदेवाची उलटी, त्या ढाब्यावर एकदा वऱ्हाडच विसरून गेलो. आठ महिन्यात एवढं बोलले नव्हते.

दुसरा आन् तिसरा दिवस : मामाचं आवार

मामाचं आवार नांदेडच्या बाहेर, धान्याच्या मोंढ्याच्या पलीकडं. गेटातून आत जायचं, समोरच्या भिंतीत बसवेश्वराचा फोटो. मामाचा नियम हाय, गाडीचं तोंड फोटोकडं करूनच काम सुरू. आईनं गाडी लावली, हँडब्रेक ओढला आन् मागच्या चाकाला गोटा लावला. ह्या गोट्याचं पुढं येतंय.

मामानं माझा कागद पाहिला. आपलीच न्हाणी तोडायची म्हणल्यावर कोणाला बरं वाटंल? तो कागद उलटा धरून बघत होता.

"दाजी, हिनं काढलंय?"

"हिनंच."

"शॉवर काढून टाकायचा?"

"थुंकतोय तो," अप्पा म्हणले.

मामा हसला आन् हातोडा घेतला. एका सकाळीत जुनी न्हाणी गेली. मधल्या भिंतीला खालून दीड फूट उंच, एक फूट रुंद कोनाडा कापला. तो ओट्याखाली दोन फूट आत जातो. आतून सगळीकडून फायबर मारलं, म्हणजे चटई अंथरायची, वर औषध ओतायचं, ते वाळून दगड होतंय. वास लई येतो. तोंडाला रुमाल बांधा, आन् त्या रात्री गाडीत झोपू नका. आम्ही मामाच्या घरी झोपलो. एका सांजच्याला गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. तिथं अप्पाला कोणी काही न विचारता भिंतीला टेकून पाय लांब करायला जागा दिली.

मामाच्या आवारात जुन्या एसट्यांचं सामान पडलेलं असतंय. त्यात मला कंडक्टरची घडीची सीट दिसली. ती बी मी बोटानंच दाखवली. मामानं तिचा फोम काढला, सागाच्या पट्ट्या मारल्या आन् न्हाणीच्या मागच्या भिंतीला बसवली. बसायचं तवा खाली, न्हाई तवा वर. बसमधली उभी दांडी कापून धरायला लावली. सीटच्या डाव्या हाताला बादली ठेवायला फळी, म्हणजे वाकायला नको. दार काढून सरकतं दार केलं. सामानाचे साडेसहा हजाराच्या आसपास गेले, मजुरी मामानं घेतली न्हाई.

मी दोन दिवस स्क्रू-नट देऊन राहिले. नट हातातून सुटला की घरंगळत गेटाकडंच जायचा. दर बारी. तिसऱ्या बारीला मामा म्हणला, "शिवू, तुहे नट घरी जाऊन राहिले बघ." सगळे हसले. माझ्या मनात आलं, आवाराला उतार हाय. मंग गाडी बी चढाला उभी हाय. मंग मामा फायबरला जो उतार देऊन राहिलाय तो...

पण मामा तवा खुशीत होता. शेजारचे दोन-चार गॅरेजवाले बघायला आले होते. मामानं बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरसर मागं जाळीकडं गेलं, एक थेंब राहिला न्हाई. मामा म्हणला, "पाणी खोटं बोलत न्हाई!" सगळ्यांनी मान हलवली. मी हातातला नट खिशात ठिवला.

चौथा आन् पाचवा दिवस : मुदखेड

दुपारी चार वाजता निघालो. आई अंधारात चालवत न्हाई, म्हणून मुदखेडच्या थोडं अलीकडं मामाच्या वळखीच्या शेतकऱ्याच्या रानात मुक्काम केला. तिकडं फुलाची शेती लई हाय. गाडीच्या दोन्ही बाजूनी झेंडूच झेंडू. लांबून रेल्वेचा आवाज येतो, जंक्शन हाय ना. हवा गार होती. फिरायला येणारांनी अशी जागा बघावी, फक्त मालकाला विचारून.

सकाळी अप्पा उठले. काठी टेकत न्हाणीत गेले. मी बाहेर, ओट्यापाशी. सरकतं दार लागलं. सीट खाली पडल्याचा आवाज आला. मंग कोनाड्यातून अप्पाचा पाय ओट्याखाली आला, आंगठा हलला. मी त्या आंगठ्याकडं बघून राहिले. तांब्याचा आवाज. एक तांब्या, दोन तांबे, पाच, आठ.

मंग माझ्या पायाला गार लागलं.

पाणी कोनाड्यातून पुढं आलं होतं. कोनाड्याच्या काठावरून ओट्याखाली, ओट्याखालून सतरंजीवर, आन् सतरंजीवर ठेवलेला आहेराचा डबा. त्यात नवरीची साडी. मी डबा उचलला, उशीर झाला होता.

अप्पा बाहेर आले. पायापासून सगळं ओलं दिसत होतं त्यांना. म्हणले, "झकास झाली अंघोळ." पलंगावर बसून पूजा केली, भस्म लावलं. हातातलं इष्टलिंग मस्तकाला लावून परत वस्त्रात बांधलं. सगळं सावकाश. तोवर आई झेंडूच्या बांधावर साडी वाळत घालून आली. हिरवी साडी, पिवळा झेंडू. एरवी फोटो काढला असता.

पूजा झाल्यावर अप्पा म्हणले, "परत फिरू."

"अहो, उद्या लग्न हाय," आई म्हणली.

"म्हणूनच. आज रानात पाणी आलं. उद्या सायलूच्या दारात येईल. लग्नाच्या घरात माझ्या अंघोळीचा चिखल बघायला मांडव गोळा होईल. फिरव गाडी."

आई ड्रायव्हरच्या जागेवर गेली न्हाई. मला कळलं, आता फिरलो तर परत कधीच निघणार न्हाई. आठ महिन्याचे आठ वर्षं होतील. घसा बंद झाला होता, तसाच बोलले.

"मामाच्या आवाराला उतार हाय. गाडी चढाला उभी होती. म्हणून तिथं पाणी मागं गेलं. मला ठाव होतं. मी बोलले न्हाई."

रेल्वे गेली. मंग अप्पा म्हणले, "मला बी ठाव होतं."

"तुम्हाला?"

"बावीस वर्षं गाडी चालवली मी. गाडी चढाला हाय का उताराला, ते बुडाला कळतंय. पण मी जावई. सासरच्या माणसानं फुकट काम करून दिलं, त्यात मी खोट काढू?"

दोघांनी आईकडं पाहिलं. आई ओला डबा पुसत होती. खाली बघूनच म्हणली, "चाकाला गोटा मी काय हौसेनं लावते?"

"मंग तू तुझा भाऊ म्हणून तरी बोलायचं!"

"तुमच्या म्होरं? माझ्या भावाची चूक तुमच्या म्होरं काढू?"

पहिल्यांदा आई हसली. मंग अप्पा. मंग आम्ही तिघं बी असं हसलो की शेतकरी बांधावरून विचारायला आला, काय झालं म्हणून. तीन माणसाला उतार दिसला होता, तिघांनी मामाचा मान ठेवला, आन् पाण्यानं कोणाचाच ठेवला न्हाई.

आता मामाला सांगायचं कोणी? अप्पा म्हणले मी जावई. आई म्हणली माझ्याच्यानं होत न्हाई. राहिले मी. फोन लावणं म्हणजे माझ्यासाठी डोंगर. लिहून पाठवते म्हणले, तर आई म्हणली, "मामा वाचंपर्यंत लग्न लागून जाईल." लावला.

"मामा, तुमच्या आवाराला उतार हाय."

तिकडून हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"फोटोकडं हाय का गेटाकडं?" मामानं विचारलं, जसं काही आवार माझंच हाय.

"गेटाकडं."

"किती?"

"अर्धी बाटली पाणी भरून न्हाणीत आडवी ठिवली. दोन बोटाचा फरक हाय."

"थांबा तिथंच. येतो."

तोवर आम्ही काय केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडंल. शेतकऱ्याकडून दोन जाड फळ्या घेतल्या, पुढच्या चाकांखाली टाकल्या, आईनं गाडी त्यावर चढवली. तोंड वर झालं. पाणी टाकून पाहिलं, सरळ जाळीकडं. म्हणजे वाटंत कुठं अडचण आलीच तर हा उपाय हाय. गाडीचं तोंड चढाला लावा.

मामा मोटरसायकलवर आला, मागं फायबरचं सामान बांधून. फळ्यावर चढलेली गाडी पाहिली आन् हेल्मेट न काढताच उभा राहिला. वीस वर्षं त्या आवारात काम करतोय तो.

"दाजी, चुकलं."

"अरे, पाणीच हाय ते," अप्पा म्हणले.

मामा माझ्याकडं वळला. "शिवू, तुला ठाव होतं?"

"हाव."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही मामा हायेत."

"मामा हाय म्हणून पाणी चढ चढंल का?"

मंग त्यानं एक केलं. गाडी फळ्यांवरून उतरवून सपाट जागेवर लावली, बाटलीनं तपासून. फायबरचा डबा त्यानं माझ्या हातात दिला. म्हणला, "तू ओत. मी फक्त कालवून देतो. जिथं थांब म्हणशील तिथं थांबायचं." मी न्हाणीत गुडघ्यावर बसले. कोनाड्याच्या तोंडापाशी जाड, जाळीकडं पातळ. बाटली ठेवायची, बघायचं, परत ओतायचं. मामा दारात बसून राहिला. मी म्हणायची "आजून," तो कालवायचा. मी म्हणायची "बस," तो थांबायचा. एकदा त्याला वाटलं बस झालं, मी म्हणले, "न्हाई, आजून बोटभर." मी असं कोणाला म्हणले न्हाई कधी. त्यानं गुमान कालवलं.

उन्हात दोन घंट्यात वरचं कडक झालं. मामा म्हणला, उद्या सकाळपर्यंत पाणी टाकू नका. जाताना त्यानं मामीनं दिलेले धपाटे आन् दही काढून दिलं. तो परत गेला, आम्ही खिडक्या उघड्या टाकून पुढं.

मुदखेडहून उमरी, मंग धर्माबाद. रस्ता अरुंद हाय, समोरून ट्रॅक्टर आला की कडेला घ्यावं लागतंय. पण घाई नसल तर लई छान. धर्माबाद जवळ आलं की मिरचीचा खकाणा नाकात जातो. आई शिंकत शिंकत चालवत होती, आन् अप्पा म्हणत होते, "डावीकडं घे, डावीकडं, इथून सायलूचं घर तिसरं."

सहावा दिवस : धर्माबाद

आदल्या सांजच्याला पोचलो तवा सायलूकाकानी गाडीतच येऊन अप्पाला मिठी मारली. "अन्ना, बागुन्नावा?" बरा हायस ना, असं. रात्री त्यांनी आपल्या घरातली खोली रिकामी करून ठेवली होती. अप्पा म्हणले, "मी माझ्या घरात झोपतो. घर सोबतच आणलंय." फायबरचा वास होता, म्हणून खिडक्या-दार उघडं टाकूनच झोपलो.

सकाळी लग्नघरी सहालाच गडबड. गाडी मांडवाला लागूनच उभी. आईनं जागा बघून, बाटली ठेवून, सपाट करून लावली होती. तरी मी परत एकदा बाटली ठेवून पाहिली. मांडवात बाया, पोरं, आचारी. आजच्याला पाणी बाहेर आलं तर सगळ्यांच्या म्होरं.

अप्पा आत गेले. दार सरकलं. सीट पडली. पाय आला ओट्याखाली.

मी ओट्यापाशी खाली बसले आन् फरशीवर हाताचा पंजा ठेवला. तांबे मोजत न्हाई म्हणलं, तरी मोजले. बारा झाले, पंधरा झाले. हात कोरडा. वीस झाले. सायलूकाका बाहेरून ओरडले, "अन्ना, नदी हाय का आत?" आतून अप्पा म्हणले, "आजून एक तांब्या!" आई म्हणली, "टाकी रिकामी होईल अहो!" आतून परत, "होऊ दे!"

तिसऱ्या दिवशी लावलेल्या दांडीचा करकर आवाज आला. म्हणजे उठले. माझा हात पुढं गेला होता, मी मागं घेतला. दार सरकलं. अप्पा धोतर नेसून उभे. कोणी धरलं न्हाई, कोणाला हाक मारली न्हाई. पाणी सगळं मागं जाळीत गेलं होतं. त्यांनी फरशीकडं पाहिलं, माझ्या पंजाकडं पाहिलं.

"उठ. लग्नात जायचंय का फरशी चाटायचीय?"

एवढंच. पूजा केली, भस्म लावलं, आन् सायलूकाकाच्या धाकट्या पोरीच्या हातचा चहा मांडवातल्या खुर्चीवर पाय लांब करून पिला. साडी वाळली होती, जरा झेंडूचा वास होता. नवरीनं हुंगून पाहिली आन् हसली. जेवणात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा पिवळा भात, आन् अंबाडीचं तिखट. तिखट म्हणजे धर्माबादचं तिखट, जपून घ्या.

आम्ही एक दिवसासाठी गेलो होतो, तीन दिवस राहिलो. काका न् अप्पा मांडव सुटल्यावर बी तिथंच खुर्च्या टाकून बसायचे. काय बोलायचे माहीत न्हाई, अर्धं तेलुगू, अर्धं रस्त्यांची नावं.

परत

येताना बिलोली, देगलूर, उदगीर, लातूर, रेणापूर. देगलूरच्या पुढं रस्ता कुठं कुठं खराब हाय, ओट्यावरची भांडी बांधून घ्या. उदगीरला त्याच पेट्रोल पंपावर डिझेल टाकलं. मला वाटलं अप्पा काही बोलतील. त्यांनी फक्त टायरमधी हवा बघायला सांगितली.

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. न्हाणीत आजून चुका राहिल्यात. टावेलाची खुंटी चुकीच्या बाजूला लागलीय, हात पोचत न्हाई. फायबरचा वास गेला न्हाई. वरची टाकी शंभर लिटरची हाय, अप्पाच्या तांब्याला पुरत न्हाई, आन् दुपारी पाणी चटका बसंल एवढं तापतंय, तर अंघोळ सकाळीच उरका. तुम्ही करणार असाल तर माझं एवढंच ऐका, मोजायला माणूस उभा करू नका. त्याला बसवा, हात हलवू द्या, तांब्या डोक्यावर न्यायला लावा, आन् मंग खडू फिरवा. आन् गाडी कुठं उभी हाय ते पहिलं बघा.

अप्पा आता घरची न्हाणी सोडून आंगणातल्या गाडीतच अंघोळ करतात. आई म्हणती डोक्यावर पडल्यात. काल मी गाडीत लग्नाची पत्रिका पाहिली, सायलूकाकाच्या भावाच्या घरची, आजून दोन महिने हायेत. अप्पानी ती आरशाला खोचून ठिवलीय. मामानं सांगून पाठवलंय की नांदेडच्या एका माणसाला घरगाडी करायचीय, त्याच्या आईला बी उभं राहता येत न्हाई, तर शिवूला पाठवा, मोजायला. मी हाव म्हणले. तोंडानं म्हणले, आईला विचारा.

आत्ता लिहिता लिहिता बाहेर फटाके सुरू झालेत. समोरच्या शिंपीकाकाची पोरगी पोलीस भरतीच्या यादीत निघाली. बँजो आलाय गल्लीत, बघायला चालले.